नव्या संसाराची मैफल

नोकरीनिमित्त जयपुरात बिऱ्हाड थाटलेल्या नवदाम्पत्याला आपले लोक आधी विचारतात, ‘कुकर, मिक्सर घेतला का?’ मी विचारीन, जवाहर कला केंद्र पाहिलंत का? वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी नवग्रहांच्या कल्पनेवर तिथे नऊ चौक रचले. एक मुद्दाम तिरका वळवलेला. संध्याकाळी तिथे गाणं ऐकावं, कॉफी हाउसात एक डोसा दोघांत खावा. तिला बंदिश आवडली, त्याला तबला? वाद घालत घरी परतावं! आणि हो, जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांचे दरबारी गायक होते. त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांनी पुढे नेली. जयपूर आपल्याला परकं नाहीच. भांडीकुंडी सावकाश घ्या. शनिवारी मात्र दोघं बाहेर पडा.