शब्द नसलेलं

माझ्या मुलीनं एकदा माझ्या मोबाइलमध्ये एक अल्बम टाकून दिला. म्हणाली, "लोकलमध्ये ऐका. यात गाणारं कोणी नाही." अमेरिकेतल्या टेक्सासमधली ही मंडळी, नाव 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय'. तीन गिटार, एक ड्रम, बस्स. अल्बम २००३ सालचा, नाव 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस', म्हणजे पृथ्वी ही काही थंडगार मेलेली जागा नव्हे. पाचच तुकडे, पाऊण तासाचे. या वाजवण्याला पोस्ट-रॉक म्हणतात. सायमन रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज समीक्षकानं १९९४ च्या सुमारास तो शब्द रूढ केला. रॉकचीच वाद्यं, पण गाण्याचा मुखडा-अंतरा नाही. हळू सुरू होतं, थर चढत जातात, मग एकदम फुटतं आणि पुन्हा शांत होतं.

बदलापूरला खिडकी मिळाली की मी तो लावायचो. ठाणं मागं पडेपर्यंत तो संपायचा. आणि दर वेळी मला त्यात एकच गोष्ट ऐकू यायची, आमचं शेत.

उल्हास नदीच्या अंगाला आमची साठ गुंठे भाताची जमीन होती. २६ जुलै २००५ ला नदी आत शिरली. आवण वाहून गेलं, खाचरांत रेती बसली. आजूबाजूला तेव्हा इमारती उठायला लागल्याच होत्या. मी आबांच्या मागं लागलो, विकून टाकू. दोन वर्षांनी विकली. आबांनी सही केली आणि घरी येऊन जेवले. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं, असं मला वाटत आलं. त्यांच्या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ लावला होता, की पोरानं जमीन घालवली. बारा-तेरा वर्षं मी तो अर्थ उराशी घेऊन फिरलो. अल्बममधली गिटार चढत गेली की मला पूर दिसायचा, खाली आली की बांधावर बसलेले आबा दिसायचे.

घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं आमच्याकडं सांगतात. घोडं बदललं की पुढं जायचं असतं. मला ते जमलं नव्हतं.

एका पावसाळ्यात संध्याकाळी लाईट गेली. आबा ओटीवर बसले होते. मी मोबाइलवर तोच अल्बम लावला. सुरुवातीला एकच सूर पुन्हा पुन्हा येतो, खाली ड्रम छातीच्या ठोक्यासारखा. आबा काही बोलले नाहीत. दुसरा तुकडा संपल्यावर म्हणाले, "पत्र्यावरच्या पान्यासारका हाय. आदी एक-एक थेंब, मंग सगला एकदम."

मला राहवलं नाही. विचारलं, "आबा, शेत आठवतं ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "शेत? चिकलनी करून कंबर मोडली माजी. इकलं तवा पयल्यांदा निवांत निजलो. तू इचारलास कवा?"

मी गप्प. खरंच, कधीच विचारलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. हायसं वाटायला हवं होतं, पण राग आला, आणि तो कशाचा ते कळायला वेळ लागला. माझ्या अपराधीपणाचा मला लळा लागला होता. त्यात मी महत्त्वाचा होतो. आबांचं सगळं मौन माझ्याभोवती फिरत होतं. आता ते त्यांचं स्वतःचं निघालं.

बिनशब्दांचं संगीत ऐकताना आपण त्यात आपलं काही घालतो. त्यात चूक काही नाही. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' केला. संतूर, बासरी आणि गिटार. त्याला एक गोष्ट जोडलेली होती, काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंतच्या रागांत. पण ती गोष्ट ठाऊक नसलेल्यानं त्यात मुरबाडचा घाट पाहिला तरी संतुराचं काही बिघडत नाही. सूर हरकत घेत नाही. आपण दुःखी असलो तर तो दुःखाला हो म्हणतो, खुशीत असलो तर खुशीला.

माणूस तसा नाही. माणूस हरकत घेऊ शकतो. पण त्यासाठी कोणीतरी त्याला विचारावं लागतं. न विचारता त्याच्या मौनात आपले शब्द भरले, तर ते प्रेमानं भरले तरी अन्यायच. मी आबांना अल्बमसारखं ऐकत होतो.

मग वाटलं, चला, निदान आता खरं कळलं. आबा सुखी आहेत. हे मी आईला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मंग रोज सकाली त्या बिल्डिंगच्या मागं जाऊन कशाला उबे रातात?"

म्हणजे तेही पुरतं खरं नव्हतं. निवांत निजणारा माणूस सकाळी उठून बांध होता तिथं जाऊ शकतो. दोन्ही त्याचंच. मी एक शब्द काढून दुसरा ठेवायला निघालो होतो, इतकंच.

आता मी विचारतो. आबा कधी सांगतात, कधी "काय नाय रं" म्हणून हात हलवतात. हात हलवला की तिथं थांबायचं, एवढं शिकतोय. परवा ते स्वतःच म्हणाले, "ता पान्याचा लाव." मी लावला. पाऊण तास दोघं ओटीवर बसलो. शेवटचा तुकडा संपला. त्यांना काय आठवलं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. मला काय आठवलं, ते मात्र सांगितलं.