शत्रूचें गाढव व समुद्राचें कासव

शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय २३, वचनें ४ व ५.



आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत भाताची कापणी होऊन धान्य घरांत आलें म्हणजे जत्रांचे दिवस सुरू होतात. ओरोसच्या आसपासच्या वाड्यांतून माणसें एस्.टी.नें, रिक्षानें व पायींही निघतात. खाजें व लाडू यांचीं दुकानें मांडलीं जातात. रात्रीं दशावताराचा मृदंग ऐकूं येतो. परंतु वेंगुर्ले तालुक्यांतील वायंगणी या किनाऱ्यावरच्या गांवीं एक निराळी जत्रा भरविण्यांत आली आहे. तिचें नांव कासव जत्रा. तिच्यांतला मुख्य पाहुणा म्हणजे तळहातावर मावेल असें नुकतेंच जन्मलेलें पिल्लूं. तें वाळूवरून समुद्राकडे चालूं लागतें, आणि लहानथोर माणसें त्याची वाट सोडून दोहों बाजूंस स्तब्ध उभीं राहतात.

ही गोष्ट नीट समजून घ्या. ऑलिव्ह रिडले जातीचें मादी कासव हिवाळ्यांत रात्रीच्या वेळीं किनाऱ्यावर येतें, सुमारें दीड फूट खोल खड्डा करून त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालतें, वाळू सारखी करतें, आणि समुद्रांत परत जातें. आपलीं पिल्लें तें पुन्हां पाहत नाहीं. पुढें ४५ ते ६० दिवस वाळूची ऊबच काय ती त्या अंड्यांची आई. या मुदतींत कोल्हीं व कुत्रीं तीं उकरतात, आणि सांगण्यास लाज वाटते, पुष्कळ वर्षें माणसेंही तीं उकरून खात व विकीत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या कासवास पूर्ण संरक्षण आहे. पण काळोख्या किनाऱ्यावर कायद्याला डोळे कोठून असणार? ते डोळे गांवकऱ्यांनीं दिले. रत्नागिरी जिल्ह्यांत वेळास येथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ सालीं गांवकऱ्यांस बरोबर घेऊन हें काम आरंभिलें, व पुढें तेथें कासव महोत्सव भरूं लागला. आपल्या जिल्ह्यांतही गांवकरी पहाटे किनाऱ्यावर फिरून कासवाच्या पावलांचा माग काढतात, घरट्याभोंवतीं कुंपण घालतात व पिल्लें निघेपर्यंत राखण करितात.

आतां आमच्यांतील एखादा म्हणेल, "मंडळीला या जत्रेचें काय? आम्हांस मनुष्यांच्या तारणाचें काम सोंपविलें आहे, कासवांच्या नव्हे. आणि पौलानेंच करिंथकरांस लिहितांना विचारलें आहे कीं, देवाला बैलांची काळजी आहे काय?" हा आक्षेप हलका नाहीं, त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे. पौल त्या ठिकाणीं, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकें घालूं नये, या अनुवादांतील आज्ञेचा आधार घेतो व म्हणतो कीं, त्याच न्यायानें वचनाची सेवा करणाऱ्यास अन्न मिळालें पाहिजे. तो लहान दयेवरून मोठ्या दयेकडे जातो. पहिली पायरी खोटी असती तर तिच्यावरून दुसरी चढतां आली नसती. ज्याच्या खळ्यांत बैल उपाशी फिरतो, त्याच्या मंडळींत उपदेशकही उपाशीच राहील. शिवाय आपल्या प्रभूनें सांगितलें आहे कीं, बाजारांत क्षुल्लक किंमतीस जाणाऱ्या चिमण्यांपैकीं एकीचाही देवाला विसर पडत नाहीं. आणि योनाच्या पुस्तकाचा शेवट कशावर होतो तें पाहा. निनवे शहरावर दया कां केली, हें सांगतांना परमेश्वर अगदीं शेवटीं तेथल्या गुराढोरांची आठवण काढतो. ज्यांस देव विसरत नाहीं त्यांस विसरण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

आतां आपल्या शास्त्रपाठाकडे वळूं. तेथें आज्ञा अशी आहे कीं, शत्रूचा बैल किंवा गाढव चुकून फिरतांना दिसलें तर तें त्याच्याकडे पोंचतें करावें. आणि जो आपला द्वेष करितो त्याचें गाढव ओझ्याखालीं पडलेलें दिसलें तर पुढें निघून न जातां त्याला साहाय्य करावें. या आज्ञेंत तीन गोष्टी आहेत.

पहिली ही कीं, भांडण माणसांचें असतें, जनावराचें नसतें. बांधावरून दोन भाऊ कोर्टांत गेले म्हणून एकाच्या गाईनें दुसऱ्याचा काय अपराध केला? तरी आम्हीं आपल्या वाडींत काय पाहतों? शेजाऱ्यावरचा राग त्याच्या गुरावर निघतो. त्याच्या कुत्र्याला दगड बसतो. मुका जीव फिर्याद करूं शकत नाहीं, म्हणून आमचा राग तेथें शूर होतो. हें शौर्य नव्हे, भ्याडपणा आहे.

दुसरी गोष्ट ही कीं, ओझें उचलण्यास दोघे लागतात. पडलेल्या गाढवाच्या एका बाजूस शत्रू उभा राहिला व दुसऱ्या बाजूस आपण, म्हणजे दोघांस एकमेकांकडे पाहावेंच लागतें. "हो, उचला" असें म्हणावेंच लागतें. देवानें एका गाढवाच्या निमित्तानें दोन शत्रूंस एका दोरीला लाविलें. म्हणून जेथें गांवांतील सर्व जातींचे व धर्मांचे लोक एका घरट्याची राखण करितात, तेथें विश्वासी मनुष्यानें दूर उभें राहूं नये. १८२४ सालीं लंडनमध्यें जनावरांवरील क्रूरतेचें निवारण करणारी मंडळी स्थापन झाली, तेव्हां तिचा पहिला चिटणीस आर्थर ब्रूम हा एक पाळक होता. मंडळीच्या कर्जापायीं १८२६ सालीं त्याला तुरुंगांत जावें लागलें. पुढें मुंबईंत १८७४ सालीं अशीच मंडळी निघाली, आणि परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. त्यांत पारशी दात्यांचा हात होता. दया कोणाच्या घरची एकट्याची मिरास नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. या आज्ञेस खर्च लागतो. ज्यानें गाढव उचललें त्याची बाजाराची वेळ टळली. तसेंच आपल्या कोळी व गाबीत बांधवांचें आहे. समुद्रांत जाळें टाकलें आणि त्यांत कासव गुरफटलें. त्याला सोडवावयाचें तर जाळें कापावें लागतें. आणि जाळें म्हणजे कर्ज काढून घेतलेली भाकरी. किनाऱ्यावर राहून त्या मनुष्यास दयेचा उपदेश करणें सोपें आहे. म्हणून हें सांगतांना आनंद वाटतो कीं, २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें ठरविलें, संरक्षित जीव सोडविण्यासाठीं जाळें कापावें लागल्यास मच्छीमारास ₹ २५,००० पर्यंत भरपाई द्यावी. उपदेशकांनीं ही गोष्ट घरोघर सांगावी. कापलेल्या जाळ्याचें व सोडलेल्या प्राण्याचें छायाचित्र काढून ठेवण्यास सांगावें. आणि ज्याला अर्ज लिहितां येत नाहीं त्याला तो लिहून द्यावा. गाढवावरील दया व धन्यावरील दया या दोन नाहींत. कासव वांचलें व कोळ्याचीं लेंकरें उपाशी निजलीं, तर आज्ञा अर्धीच पाळली गेली.

घरच्या अंगणांतही ही परीक्षा होते. साप निघाला म्हणजे आम्ही काठी शोधतों. इंग्रजी अमदानींत या मुलखांत फुरसें मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. तरी फुरसीं जांभ्या दगडांत आजही आहेतच. आतां गांवोगांवीं सर्पमित्र आहेत. साप दिसल्यास मुलांस दूर करा, सापावर लांबून नजर ठेवा, व सर्पमित्रास किंवा वनखात्यास बोलवा. कोणास दंश झालाच तर जखम कापूं नका, चोखूं नका, मंत्रतंत्रांत घटका दवडूं नका. हातपाय न हालवूं देतां तत्काळ सरकारी रुग्णालयांत न्या, कारण औषध तेथें आहे. कुत्रें चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवा आणि त्याच दिवशीं लस घ्या. भीति गेली म्हणजे क्रूरताही पुष्कळ जाते. आणि भीति ज्ञानानें जाते. जत्रेंत असें ज्ञान देणारें कोणी बसलें असेल तर आपल्या शब्बाथ शाळेच्या मुलांस तेथें अवश्य न्यावें.

शेवटीं एक गोष्ट उपदेशक बंधूंस. कासवाचें पिल्लूं वाळूंतून वर आलें म्हणजे जिकडे अधिक उजेड असेल तिकडे धांवतें. रात्रीं समुद्राचें क्षितिज उजळ असतें, म्हणून तें पाण्याकडे जातें. पण मागें घरांचे व रस्त्याचे दिवे झगझगत असले तर तें उलट फिरतें व सकाळीं वाळूंत मरून पडलेलें सांपडतें. यास्तव राखणदार आपले दिवे मालवितात. आमच्या मंडळ्यांतही नवे जन्मलेले जीव आहेत. त्यांस खऱ्या प्रकाशाकडे जावयाचें आहे, आणि आम्ही मागें मानपानाचे, भांडणाचे, पैशाचे दिवे लावून बसतों. बंधूंनो, कांहीं वेळां सेवा म्हणजे आपला दिवा मालवून वाट मोकळी करणें होय.

म्हणून या आठवड्यांत प्रत्येक घरानें एक काम करावें. ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे त्याचें एखादें गुरूं अडलेलें, तहानलेलें किंवा आजारी आहे काय, हें पाहावें, व न बोलावतां जावें. तेथें गाढव उठेल. आणि कोण जाणे, त्याच दोरीनें दोन शेजारीही उठतील. परमेश्वर ज्यानें समुद्र व त्यांतील सर्व जीव निर्माण केले, तो आपणां सर्वांस तसें मन देवो. आमेन.