काचेमागील प्राणी आणि आपण

वस्तुसंग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या वन्य पशूपुढे उभे राहिले म्हणजे मनात प्रथम कुतूहल जागे होते. त्याची नखे, सुळे, कातड्यावरील ठिपके आपण निरखून पाहतो. परंतु हा पशू आता आपल्या प्रदेशात उरलेला नाही, असे पाटीवर वाचले की कुतूहल मावळते आणि मन अस्वस्थ होते. ज्याला आपण नाहीसे केले, त्याचेच कातडे आपण जपून ठेवतो. यास जतन म्हणावे, की विजयाचे चिन्ह?

भिलाईत बसून हा प्रश्न विचारला असता तो दूरचा राहत नाही. याच छत्तीसगडच्या उत्तर भागात, तेव्हाच्या कोरिया संस्थानात, १९४७ साली महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातील शेवटचे चित्ते म्हणून सामान्यतः तेच मानले जातात. मृत चित्त्यांसह महाराजांचे छायाचित्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे गेले. संपादकांनी ते तीव्र निषेधासह छापले. १९५२ साली चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्याची आठवण निघाली की आजही तेच छायाचित्र पुढे केले जाते. तेही एक प्रदर्शनच होय.

त्या छायाचित्राने आपली एक सोय केली आहे. अपराधी समोर दिसतो. मग उरलेले आपण सारे निर्दोष! वस्तुतः शेवटची गोळी सुटण्यापूर्वीच चित्ता संपत आला होता. काळविटाच्या शिकारीसाठी त्याला पाळण्याची हौस मोगल बादशहांपासून संस्थानिकांपर्यंत चालत आली. बंदिवासात तो सहसा वीत नाही; म्हणून तो रानातूनच धरून आणावा लागे. आपल्या कोल्हापुरातही चित्तेवानांचे कौतुक झाले. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. इंग्रजी अमलात चित्ता मारणाऱ्यास बक्षीसही मिळे. आणि ज्या गवताळ माळांवर तो धावे, त्यांना पडीक ठरवून आपण नांगराखाली घातले. या शेवटच्या कामात राजा, रयत आणि सरकार सगळेच सामील होते.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिच्यासाठी दल्ली-राजहराचे डोंगर खोदले गेले, आणि त्या पोलादावर आमचे संसार उभे राहिले. या कारखान्याने चित्ता मारला नाही. तो आधीच गेला होता. उद्योग नको होता, असेही आम्ही म्हणत नाही. परंतु माळाची आणि डोंगराची किंमत त्यातून काय निघते एवढ्यावरच करणारी दृष्टी आमचीही आहे, हे नाकारता येत नाही.

म्हणून केवळ कातडे जपून भागत नाही. टास्मानिया बेटावरील होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात १९३६ साली शेवटचा ज्ञात थायलासिन मेला. त्याचे अवशेष तेथील वस्तुसंग्रहालयात गेले. पण नोंद नीट न राहिल्याने ते कोणाचे, हे विसरले गेले. त्याचे कातडे मुलांना दाखवण्यासाठी ठिकठिकाणी फिरवले जाई, आणि हा शेवटचा, हे दाखवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. २०२२ साली ओळख पटली. वस्तू जपली गेली होती, अर्थ हरवला होता.

त्याच २०२२ साली नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आणले गेले. त्यांचे स्वागतच असो. परंतु ते आफ्रिकेचे. आशियाई चित्ता आता इराणात काय तो थोडा उरला आहे. पाहुणे आणले म्हणून गेलेल्याचे ऋण फिटले, असे समजणे बरे नव्हे.

मेलेल्याचे ऋण मेलेल्याला फेडता येत नाही. ते जिवंत असलेल्यांपाशीच फेडावे लागते. रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यपशू. उदंती आणि इंद्रावतीच्या रानांत ती अगदी थोडी राहिली आहे. चित्त्याच्या पाटीवर शेवटच्या गोळीबरोबर त्या नांगराचीही नोंद असेल, तर वाचणाऱ्याला स्वतःचे नाव त्यात सापडेल. आणि कदाचित रानम्हशीसाठी तसली पाटी लिहिण्याची वेळ येणार नाही.