चेंडू, फळी आणि न्याय

शिक्षणाची चर्चा करतांना आपण भाषेविषयीं, ग्रंथांविषयीं, परीक्षांविषयीं पुष्कळ बोलतों. पण सात वर्षांच्या मुलाला चेंडू मारावयास कसें शिकवावें, हा प्रश्न विचारी माणसांच्या चर्चेस योग्य असा कोणास वाटत नाहीं. तो व्यायामशिक्षकाचा प्रश्न, असें म्हणून आपण मोकळे होतों. आमच्या मतें तो मुख्यतः न्यायाचा प्रश्न आहे.

शाळेच्या मैदानावर पुष्कळदां काय चालतें तें पाहावें. मुलांच्या दोन तुकड्या पाडतात, एक फळी व एक चेंडू देतात, आणि खेळ सुरू होतो. ज्याचा टोला चुकला तो बाद. ज्याचा लागला तो खेळत राहतो. तासाच्या अखेरीस हिशेब केला तर असें दिसून येतें कीं, ज्याला आधींच मारतां येत होतें त्यानें वीसपंचवीस टोले मारले, आणि ज्याला येत नव्हतें त्याला एकदोनदांच संधि मिळाली. उरलेला वेळ तो झाडाखालीं उभा होता. नियम सर्वांस सारखाच होता, हें खरें. पण तो सामन्याचा नियम होता, आणि तास पाठाचा होता. श्रेष्ठ कोण हें ठरविणें सामन्याचें काम. ज्याला येत नाहीं त्याला येऊं लागेल असें करणें पाठाचें काम. पहिलें उदाहरण चुकलेल्या मुलाची पाटी काढून घेणारा गणिताचा शिक्षक आपण एक दिवसहि सहन करणार नाहीं.

शिवाय चेंडू मारणें ही क्रिया दिसते तितकी सोपी नाहीं. येणाऱ्या चेंडूचा वेग डोळ्यांनीं ओळखावा, तो कोठें व केव्हां पोहोंचेल याचा अंदाज बांधावा, आणि नेमक्या त्या क्षणीं फळी तेथें आणावी, इतकीं कामें एका निमिषांत करावयाचीं असतात. लहान मूल प्रथम चेंडूकडे तोंड करून उभें राहतें आणि कुऱ्हाडीनें लाकूड फोडावें तशी फळी वरून खालीं आणतें. अंगाची बाजू चेंडूकडे करणें, फळी मागें नेणें, पुढच्या पायावर भार घेत आधीं कंबर व मग खांदे वळविणें, हें त्यास सावकाश साधतें. म्हणून जाणता शिक्षक या कामांची वांटणी करतो. प्रथम तो चेंडू मुलाच्या कमरेइतक्या उंच खुंटावर ठेवतो, किंवा दोरीनें टांगतो. म्हणजे वेळ साधण्याची अडचण उरत नाहीं. पुढें मोठा, हलका, मंदगति चेंडू टाकतो. फळी आंखूड व रुंद देतो. आपल्या विटीदांडूंत हें शहाणपण पूर्वींपासूनच आहे. टोल्याच्या वेळीं विटी दुसरा कोणी फेंकीत नाहीं; खेळणाराच तिच्या टोंकावर दांडू मारून ती उडवितो आणि मग टोलवितो. क्रिकेटच्या नियमांतहि पुरुषांच्या चेंडूचें वजन सुमारें १५६ ते १६३ ग्रॅम सांगितलें असून, तेरा वर्षांखालील मुलांसाठीं तें १३३ ते १४४ ग्रॅम ठरविलें आहे.

अशा लाडानें मुलें दुबळीं होतील, असें कांहीं वाचक म्हणतील, आणि ब्रॅडमनचें उदाहरण देतील. ऑस्ट्रेलियांतील बाउरल गांवीं लहानपणीं तो पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून एका साध्या यष्टीनें टोलवीत असे. पुढें कसोटी सामन्यांत त्याची सरासरी ९९.९४ झाली. उदाहरण खरें आहे. पण ती अडचण त्यानें स्वतः निवडलेली होती. टोला चुकला तर दुसरा मारण्यास त्याला कोणी अडवीत नव्हतें, आणि हंसावयास भोंवतीं वर्ग उभा नव्हता. अडचणीनें मनुष्य घडतो, पण पुन्हां पुन्हां संधि मिळाली तरच.

मग दुबळ्यास सर्वच माफ करावें काय? आमच्या गल्लींतील मुलांनीं या प्रश्नाचें एक उत्तर शोधून ठेविलें आहे. धाकट्या भावंडास तीं ‘कच्चें लिंबू’ म्हणून खेळांत घेतात. तें खेळतें, पण बाद होत नाहीं. या सोयींत मोठी दया आहे. कारण तीं त्याला घरीं पाठवीत नाहींत. परंतु कच्च्या लिंबाची हार जशी कोणी मोजीत नाहीं, तशी त्याची जीतहि कोणी मोजीत नाहीं, आणि हें त्या मुलास फार लवकर कळतें. एके दिवशीं तेंच रडून सांगतें कीं, मला खरोखरीचा डाव द्या.

त्या रडण्यांत शिक्षकासाठीं धडा आहे. साधन सोपें करावें. निकाल खोटा करूं नये. खुंटावरचा चेंडू चुकला तर चुकला असेंच म्हणावें, आणि लगेच तो पुन्हां खुंटावर ठेवावा. न लागलेल्या टोल्यास दिलेली शाबासकी खोटी आहे, हें मुलास सर्वांच्या आधीं ओळखतां येतें. ज्याचा हात बसला आहे त्यास अरुंद फळी व वेगाचा चेंडू द्यावा. म्हणजे तोहि शिकेल.

हा विवेक न ठेविला तर मैदानावर दोन धडे न बोलतां शिकविले जातात. झाडाखालचा मुलगा शिकतो कीं, हें मैदान आपल्यासाठीं नाहीं. पुढें जन्मभर तो त्याच्या कडेनें जातो. फळी धरणारा शिकतो कीं, ज्याला येतें त्याचाच सारा वांटा. पहिल्याची कींव पुष्कळांस येते. दुसऱ्याच्या हातीं उद्यां संस्था व कारभार जाणार, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं.