नाक्यावरचा मुलगा



३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. यंदा त्या सणाच्या आधीच्या रविवारी दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. त्या तुमच्यापुढे मांडल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

पहिली आनंदाची. आपल्या धर्मग्रामातील एक तरुण शिफारसपत्र मागण्यासाठी आला. वर्षभरासाठी नोकरी सोडून आफ्रिकेत जायचे आणि तिथे रस्त्यावर राहणाऱ्या मुलांची सेवा करायची, असे त्याने ठरवले आहे. आईचा जीव खालीवर होतो आहे, वडील काही बोलत नाहीत. आम्हाला मात्र अभिमान वाटला.

दुसरी गोष्ट त्याच सकाळची. आम्ही त्या पत्रावर सही करीत असताना चर्चच्या दाराशी आवाज वाढला. धामणकर नाक्यावर गाड्यांच्या काचा पुसणारा आणि पुठ्ठा गोळा करणारा एक मुलगा खांद्यावरच्या गोणीसह आत आला होता आणि मागच्या बाकाजवळ उभा होता. आपल्यातील एकाने त्याला दंडाला धरून बाहेर काढले. काही चोरीला जाईल ही भीती. आम्ही ते खिडकीतून पाहिले आणि आधी सही पूर्ण केली. खाली उतरलो तेव्हा मुलगा नाक्यावरच्या गर्दीत दिसेनासा झाला होता. दोष बाहेर काढणाऱ्याचा जेवढा, तेवढाच सही करीत बसणाऱ्याचाही.

संत बॉस्कोंच्या कार्याची सुरुवात नेमकी अशाच प्रसंगातून झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? ८ डिसेंबर १८४१. इटलीतील तुरीन शहर. कामाच्या शोधात गावाहून आलेला एक अनाथ गवंडी मुलगा थंडीत सॅक्रिस्टीत शिरला. मिस्सेची सेवा करता येत नाही म्हणून तिथल्या सेवकाने त्याला मारून हाकलले. नुकतीच गुरुदीक्षा झालेल्या फादर बॉस्कोंनी सेवकाला थांबवले, मुलाला परत बोलावले आणि तो आपला मित्र असल्याचे सांगितले. आईबाप आहेत का? नाहीत. लिहितावाचता येते का? नाही. मग फादरांनी विचारले, शीळ तरी घालता येते का? तेव्हा कुठे मुलगा हसला. धर्मशिक्षण त्यानंतर सुरू झाले, हे लक्षात घ्या.

त्यांचे सलेशियन बंधू १८७५ साली पहिल्यांदा समुद्र ओलांडून अर्जेंटिनाला गेले, १९०६ साली भारतात आले आणि १९८७ पासून मुंबईत वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी 'शेल्टर' चालू झाले. त्याही आधी, १९६२ साली, येशूसंघाचे फादर रिकार्डो फ्रान्सिस्को यांनी मुंबईत 'स्नेहसदन' उभे केले. ते स्पेनचे. घरातून पळून रेल्वे स्थानकांवर आलेली मुले त्यांनी एका मोठ्या इमारतीत कोंडली नाहीत. लहान लहान घरे, प्रत्येक घराला आईबाबा, आणि ताटाला ताट लावून जेवण, अशी ती रीत. आपल्या फलाटांवरची मुले परक्या देशातून आलेल्या माणसाला दिसली, ही गोष्ट आपल्याला थोडी टोचायला हवी.

परदेशी जाणाऱ्या आपल्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. पंधरा दिवसांसाठी येऊन मुलांना मिठी मारायची, फोटो काढायचे आणि निघून जायचे, असेही स्वयंसेवक असतात. आधीच एकदा टाकलेले मूल त्यामुळे पुन्हा टाकले जाते. तू वर्षभर राहणार आहेस, हे बरे. तिथली भाषा शीक. पोलिस पडताळणीचा दाखला मागितला तर अपमान मानू नकोस. तो मुलांच्या रक्षणासाठी असतो.

आणि आपण, जे इथेच राहणार आहोत? २०२० च्या सप्टेंबरमध्ये नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत पहाटे कोसळली. ढिगाऱ्यातून एका लहानग्याला जिवंत बाहेर काढले तेव्हा साऱ्या भिवंडीचा श्वास घशात अडकला होता. तेवढाच पोर सिग्नलला काच पुसायला आला की आपण काच वर करतो. शिष्यांनी लेकरांना अडवले तेव्हा प्रभू येशू रागावला, असे संत मार्क स्पष्ट लिहितात. तो राग आपल्या दाराशीही लागू आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. एकटे, हरवलेले मूल दिसले तर भावनेच्या भरात घरी नेऊन ठेवू नका. १०९८ वर फोन करा. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. कायद्याप्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते.

बुधवारी तो मुलगा पुन्हा नाक्यावर दिसला. नाव विचारले, सांगितले नाही. चहा घेतला. गोणी मात्र हातातून सोडली नाही. आपला तरुण निघेपर्यंत रोज संध्याकाळी सहा वाजता तिथे थांबणार आहे. संत विन्सेंट दी पॉल संघटनेचे दोघे त्याच्याबरोबर असतील. तेलुगू किंवा भोजपुरी समजणारे कोणी असल्यास त्यांनी मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत भेटावे. त्या मुलाला ज्यांनी बाहेर काढले होते, त्यांनीही आपले नाव दिले आहे.