बांध आणि तांब्या

तेव्हा गंगापूर रोडला दोन्ही अंगांनी द्राक्षबागा होत्या. एकदा बांधावरून माझे वडील आणि तात्याकाका हमरीतुमरीवर आले. वडिलांच्या हातात कोयता. कुणीतरी ओरडलं, "पोलिसांना बोलवा!" पोलीस येईस्तोवर रक्त सांडलं असतं. आजी पाण्याचा तांब्या घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली. म्हणाली, "आधी पाणी प्या रे, मग भांडा." कोयता खाली आला.

पुढं १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, तंटे गावातच मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं मिळाली. आजीचंच शहाणपण सरकारी कागदावर आलं, असं मला वाटलं.

पण एक सल राहिला. त्या संध्याकाळी चार जाणती माणसं बसली. धाकटा म्हणून काकांनाच समजावलं. घराच्या अब्रूपायी त्यांनी दोन हात जमीन मुकाट्यानं सोडली. ती अजून आमच्याच बाजूला आहे.

तंटा मिटला, न्याय झाला का? तांब्यानं हात थांबतो, ते मोठंच काम. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी बांध मोजायला हवा होता. आम्ही तो मोजला नाही.