सनदेचा पैसा कोणाचा?

दुसऱ्याच्या उपजीविकेचा दरवाजा उघडण्याचा अधिकार ज्या संस्थेच्या हाती असतो, तिने त्या दरवाज्यापाशी किती पैसे घ्यावेत व घेतलेल्या पैशांचा हिशेब कोणास द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. आमच्या मते तो मूलतः नीतीचा आहे.

वकिलांचेच उदाहरण घेऊ. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने सनदा देण्याचे काम सरकारकडे न ठेवता वकिलांनीच निवडलेल्या राज्य बार कौन्सिलांकडे सोपविले. नोंदणीची फीही कायद्यानेच ठरविलेली आहे: राज्य कौन्सिलास 600 रुपये व भारतीय बार कौन्सिलास 150, अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांस दोन्ही मिळून 125. तथापि ग्रंथालय, कल्याणनिधी, ओळखपत्र अशा नाना नावांखाली ही रक्कम कित्येक राज्यांत 15 हजारांपासून 42 हजारांपर्यंत चढली. अखेर 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यात सांगितल्याहून अधिक पैसा नोंदणीच्या वेळी घेता येणार नाही. तसे करणे समतेच्या व व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध आहे.

कौन्सिलांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. 1993 पासून न बदललेल्या फीत आजचा कारभार चालवावा कसा, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. परंतु त्याचे उत्तर संसदेकडे मागावयास हवे होते. ते मागितले गेले नवशिक्या उमेदवाराकडे. म्हणजे ज्याने अद्याप एक रुपयाही मिळविलेला नाही, आणि नोंदणी होईपर्यंत ज्यास कौन्सिलाच्या निवडणुकीत मत नाही, त्याच्याकडे. देणाऱ्यास नाही म्हणण्याची सोय नसेल, तर त्या देण्यास वर्गणी म्हणता येत नाही. तो करच होय. आणि कराचा हिशेब केवळ घेणाऱ्यांच्या मंडळापुरता राहू शकत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, मग सरकारनेच ह्या संस्थांवर देखरेख ठेवावी. येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली म्हणून अहमदाबादच्या वकिलांस 1919 साली मुंबई हायकोर्टापुढे आपल्या सनदेविषयी जाब द्यावा लागला होता. सत्तेविरुद्ध उभे राहणाऱ्याची बाजू मांडणे हे ज्यांचे कर्तव्य, त्यांच्या संस्थेची थैली सत्तेच्याच हाती गेली, तर त्यांची वाणी किती दिवस मोकळी राहील?

मात्र हिशेब तपासणे आणि थैली हाती घेणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. डॉक्टरांच्या बाबतीत पहा. भारतीय वैद्यक परिषदेच्या कारभाराविषयी बोभाटा झाल्यावर ती बरखास्त झाली, व 2020 साली तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्याचे हिशेब भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात आणि अहवाल संसदेपुढे ठेवला जातो, हे योग्यच झाले. पण त्याबरोबरच डॉक्टरांनी निवडून दिलेल्या सभासदांचा भरणाही पुष्कळ कमी झाला. हा दुसरा उपाय पहिल्यासाठी आवश्यक होता असे आम्हांस दिसत नाही. उलटपक्षी वकिलांनी आपले स्वातंत्र्य राखले. त्यांचे हिशेब सनदी लेखापालाने तपासावेत व राजपत्रात छापावेत असे कायदा सांगतो, परंतु पैसा ज्यांच्याकडून घेतला जातो त्यांच्या वतीने तपासणारा तेथे कोणी नाही.

कोणास सनद द्यावी, कोणाची काढून घ्यावी, हे त्या त्या धंद्यातील जाणत्यांनीच ठरवावे. तेथे मंत्र्याचे बोट नको. परंतु सक्तीने घेतलेला प्रत्येक रुपया कोठे गेला, हे धंद्याबाहेरच्या, आणि सरकारच्याही मर्जीबाहेरच्या, तपासनिसाने पहावे व जनतेस सांगावे. अशा तपासणीने स्वातंत्र्य उणावते असे ज्या संस्थेस वाटते, तिने आपण नेमके कशाचे रक्षण करीत आहो, हे प्रथम स्वतःस विचारावे.